मंचावरच्या आकड्याचा माग

पहूर हे रस्त्यावरचे गाव. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा महामार्ग आणि पाचोरा-शेंदुर्णीकडून जामनेरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे पूरपाहणी असो, भूमिपूजन असो की प्रचारसभा, मोठ्या माणसांच्या गाड्या इथे थांबतात आणि थांबल्या की चार शब्द बोलावेच लागतात. ते चार शब्द बहुतेक वेळा कुणीतरी आदल्या रात्री लिहून दिलेले असतात. लिहिणारा अगदी पहिल्याच ओळीला अडतो: गावची लोकसंख्या किती सांगायची? कागदावर पहूर एक नाही. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा वेगळ्या ग्रामपंचायती आहेत, आणि तक्त्यातली एकच ओळ उचलली तर गावाचा मोठा भाग बाहेर राहतो. संगणकावर नुसते ‘पहूर’ टाकले तर बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातले पहूरजिराही पुढे येते. जो आकडा हाती लागेल तो २०११ चा. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ साठी ठरली आहे. मग इतका जुना आकडा ‘आज’ म्हणून सांगायचा का? समोर बसलेल्या लोकांना गावात किती घरे वाढली ते रोज दिसत असते.

मंत्री, जिल्हाधिकारी, कुलगुरू, कंपनीचे अध्यक्ष, बँकेचे संचालक हे जे बोलतात त्यामागे माहिती गोळा करण्याचे आणि ती पडताळण्याचे एक मोठे काम चालते. त्याला आपल्याकडे धड पदनाम नाही. कुठे स्वीय सहायक ते करतो, कुठे विशेष कार्य अधिकारी, कुठे जिल्हा माहिती अधिकारी, तर कुठे एखादा मुरलेला कारकून. ‘फॅक्ट चेक’ म्हटले की आपल्याला आठवते ते बोलून झाल्यानंतरचे काम: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा, ‘अल्ट न्यूज’ आणि ‘बूम’सारख्या संस्था, केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेला पीआयबीचा तथ्यतपासणी कक्ष. सरकारविषयीच्या बातमीतले खोटे काय हे सरकारनेच ठरवावे का, यावर मुंबई उच्च न्यायालयात मोठी लढाई झाली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत फुटले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निर्णयाने माहिती तंत्रज्ञान नियमांतली ती दुरुस्ती रद्द झाली. या वादाची चर्चा भरपूर झाली आणि व्हायलाच हवी होती. पण सरकार स्वतः जे बोलते ते बोलण्याआधी कोण तपासते, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीचा आकडा एकदा मंचावरून गेला की तो अधिकृत होतो. उद्याची प्रेसनोट, परवाचे टिपण आणि पुढल्या वर्षीचे भाषण त्याच्यावरूनच तयार होते.

अशा चुका बहुतांशी खोटेपणातून येत नाहीत असे माझे मत आहे. आकडा खालून वर जाताना तीन गोष्टी गमावतो: तो कोणत्या हद्दीचा, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या टप्प्याचा. मंचावर पोचतो तेव्हा तो नुसता आकडा उरलेला असतो.

पावसाचेच पाहा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की शासनाच्या लेखी ती अतिवृष्टी, आणि हे मोजले जाते महसूल मंडळावर. पहूर हे असेच एक मंडळ. समजा एका रात्री पहूर मंडळात ९० मिलिमीटर पाऊस पडला आणि शेजारच्या मंडळांत वीस-पंचवीस. तालुक्याची सरासरी काढली तर अतिवृष्टी दिसणारच नाही. उलट ‘जामनेर तालुक्यात अतिवृष्टी’ असे भाषणात गेले तर कोरड्या राहिलेल्या मंडळांतला शेतकरी भरपाईची वाट पाहत बसेल. एकच पाऊस, पण हद्द बदलली की वाक्य खरे-खोटे होते. केळीच्या फळपीक विम्यातही तेच. तिथे तापमान आणि वाऱ्याची नोंद मंडळातल्या हवामान केंद्राची धरतात, तालुक्याच्या गावची नाही.

मग येतो टप्पा. वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्या की दुसऱ्या दिवशी पाहणी दौरा ठरतो. गावात पंचनामे सुरू व्हायचे असतात, पण तहसील कार्यालयातून फोन येतो: ‘अप्पा, बाधित क्षेत्र सांगा लवकर, साहेब नेरीपर्यंत आले.’ तलाठीअप्पा बांधावर उभे राहून जो आकडा सांगतात तो नजरअंदाज असतो. दोन गावांचा पाहिलेला, चार गावांचा ऐकलेला. तसा तो सांगण्यात काही गैर नाही, कारण त्या घडीला त्याहून चांगली माहिती कुणाकडेच नसते. गैर पुढे होते. तहसीलमध्ये त्या आकड्याची बेरीज होते, जिल्ह्याला तो ‘प्राथमिक अहवाल’ म्हणून जातो, टिपणात ‘प्राथमिक’ हा शब्द जागेअभावी गळतो आणि मंचावरून ‘इतक्या हेक्टरचे नुकसान झाले आहे’ असे ठाम वाक्य उतरते. पुढे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचे संयुक्त पंचनामे होतात, ३३ टक्क्यांहून कमी नुकसानीची शेते वगळली जातात आणि अंतिम क्षेत्र उतरते. तेव्हा गावात बोलले जाते की साहेब बोलले एक आणि दिले एक. साहेब खोटे बोललेले नसतात, अप्पाही नसतात. मधल्या कुणीतरी एक शब्द गाळलेला असतो.

पैसेवारीलाही, म्हणजे पिकाच्या शासकीय अंदाजालाही, हाच न्याय लागू आहे. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी असे तिचे टप्पे, आणि पन्नास पैशांच्या वर की खाली यावर टंचाईच्या सवलती अवलंबून. सप्टेंबरअखेरची नजर पैसेवारी डिसेंबरच्या भाषणात ‘यंदाची पैसेवारी’ म्हणून वाचली जाऊ शकते, आणि तसे झाले तर अख्ख्या तालुक्याचा गैरसमज होतो. विकासकामांच्या बाबतीत हे आणखी अवघड. एखादे काम ‘मंजूर’ झाले म्हणजे नक्की काय? अंदाजपत्रकात नाव आले, प्रशासकीय मान्यता मिळाली, तांत्रिक मान्यता झाली, निविदा निघाली, कार्यारंभ आदेश दिला, की किंमत वाढल्याने आता सुधारित प्रशासकीय मान्यतेची, म्हणजे कार्यालयात ज्याला सगळे ‘सुप्रमा’ म्हणतात तिची वाट पाहणे चालू आहे? भाषणात या सगळ्यांसाठी एकच क्रियापद वापरले जाते.

पहूरकरांना याचे जवळचे उदाहरण म्हणजे त्यांची रेल्वे. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी, जिला या भागात सगळे ‘पीजे’ म्हणतात, शेंदुर्णी-पहूरवरून धावायची. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत ती थांबली. तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर आणि जामनेरपासून पुढे बोदवडपर्यंत विस्तार असा एकत्रित प्रकल्प आहे आणि त्याची लांबी ८४ किलोमीटर सांगितली जाते. ‘८४ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग’ असे कुणी लिहून दिले तर आकडा बरोबर आणि वाक्य चूक. त्यातले ५६ किलोमीटर जुन्या मार्गाचे रूपांतर आहे. तपासणाऱ्याने असे वाक्य पकडायचे असते, कारण आकडे पडताळून पाहणारे पुष्कळ असतात, पण आकड्याला लागून आलेले विशेषण पडताळणारा विरळा.

विधिमंडळात मात्र या कामाला जुनी शिस्त आहे. तारांकित प्रश्नाचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे: अमुक गोष्ट घडली हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरही ठरलेल्या घाटाचे: हे खरे आहे, हे खरे नाही, हे अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. या चार उत्तरांमागे केवढी धावपळ असते हे तहसील कार्यालयात अधिवेशनाच्या दिवसांत बसल्याशिवाय कळत नाही. मंत्रालयातल्या कार्यासनातून जिल्हाधिकाऱ्याला, तिथून प्रांताला, प्रांताकडून तहसीलदाराला आणि शेवटी तलाठ्याला ‘अति तात्काळ’ शिक्क्याचे पत्र येते, हल्ली त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आधी येतो. माहिती आजच्या आज हवी असते. नसेल तर ‘निरंक’ कळवायचे असते. त्यावर कक्ष अधिकारी मसुदा करतो, अवर सचिव, उपसचिव असे करत तो मंत्र्यापर्यंत जातो, सोबत पूरक प्रश्नांसाठी वेगळी टिपणी असते. एवढ्या सह्या होतात तरी एक गोष्ट अनेकदा कुणीच करत नाही: खालून आलेला आकडा दुसऱ्या एखाद्या नोंदीशी ताडून पाहणे. प्रत्येक पायरीवर मसुद्याची भाषा तपासली जाते, माहिती खालच्या पायरीने तपासली असेल असे धरले जाते.

सभागृहात चुकीची माहिती गेली तर परिणाम गंभीर असतात. जाणूनबुजून दिली असेल तर हक्कभंग होऊ शकतो. दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. लोकसभेत मंत्र्याच्या निवेदनातली चूक दाखवण्यासाठी अध्यक्षांचा ११५ क्रमांकाचा निर्देश आहे आणि त्यानुसार मंत्री दुरुस्तीचे निवेदन करतात. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. चूक होऊ शकते हे तिथे आधीच मान्य केले आहे आणि ती सुधारण्याची वाट ठेवली आहे. पहूरच्या चौकातल्या भाषणाला अशी वाट नाही. तिथे बोललेले दुरुस्त करायला दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची सगळ्यांत मोठी कसोटी २०१२ मध्ये लागली. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून असे निघाले की दशकभरात सिंचनात जेमतेम ०.१ टक्क्याची भर पडली. धरणांवर हजारो कोटी खर्च झालेले, आणि हाती हे! तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी श्वेतपत्रिकेची घोषणा केली, सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली आणि तिने सिंचनातली वाढ त्याहून कितीतरी जास्त दाखवली. डिसेंबरात पवार मंत्रिमंडळात परतले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले आणि त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. गैरव्यवहार झाला की नाही हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे मला पाहायचे आहे ते एवढेच की एकाच सरकारच्या दोन दस्तऐवजांत एकाच गोष्टीचे दोन आकडे आले कसे.

ते आले कारण ती एकच गोष्ट नव्हती. पाहणीतला आकडा होता राज्यातल्या एकूण पिकाखालच्या क्षेत्रात ओलिताचा वाटा किती याचा. तो गावपातळीवरच्या पीकनोंदींवरून वर चढतो, त्यात विहिरीचे पाणीही येते, आणि तो वाटा अठरा टक्क्यांच्या आसपासच घुटमळत होता. जलसंपदा विभाग मोजतो निर्माण झालेली सिंचन क्षमता: धरण बांधले, कालवा काढला, आता इतके हेक्टर भिजू शकतील. भिजू शकणारे आणि भिजलेले यांत केवढे अंतर असते ते कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारावे. भरीला, वाट्यात पडलेल्या ०.१ टक्केबिंदूच्या फरकाला सगळीकडे ‘सिंचन ०.१ टक्क्याने वाढले’ असे म्हटले गेले. अठराचे अठरा पूर्णांक एक दशांश होणे आणि मूळ क्षेत्र एक दशांश टक्क्याने वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पिकाखालचे एकूण क्षेत्र वाढले तर ओलित वाढूनही वाटा जागच्या जागी राहू शकतो. हे कुणीतरी पाहणी छापण्याआधी, निदान तिच्यावर पहिले भाषण होण्याआधी, एका पानावर लिहून ठेवायला हवे होते. राज्य हलवणाऱ्या वादाच्या मुळाशी व्याख्येची एक न लिहिलेली तळटीप होती, असे मी म्हणेन.

त्यानंतर जे झाले ते मला जास्त खुपते. पुढल्या अनेक वर्षांच्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे येत राहिले. आकडा वादग्रस्त ठरला म्हणून तो नीट मोजायचा, व्याख्या पक्की करायची, की मोजणेच थांबवायचे? तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय जळगावात आहे. तापी, गिरणा, वाघूर, पांझरा, बोरी या खोऱ्यांत कोण किती पाणी देतो हा खानदेशातल्या प्रत्येक निवडणुकीचा विषय. त्या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाला राज्याचाच अधिकृत आकडा मिळत नसेल, तर प्रत्येक जण आपापला आकडा घेऊन उभा राहणार.

आधाराची साधने जिल्ह्यात नाहीत असे मात्र नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते. त्यात तालुकावार पाऊस, पिके, शाळा, दवाखाने, रस्ते सगळे असते. जिल्हा सांख्यिकी कार्यालय हे जिल्हा नियोजन समितीच्या अगदी हाताशी. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक कार्यालयाने बरीच माहिती आपणहून जाहीर करायची आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. खानदेशचा १८८० चा इंग्रजी गॅझेटियर आहे, पुढे राज्याच्या गॅझेटियर विभागाने काढलेले जळगाव आणि धुळ्याचे खंड आहेत. तरी टिपण करणारा उघडतो ते गेल्या वर्षीचे भाषण. वेळ नसतो हे कारण खरे आहे, पण पूर्ण नाही. आकडा कुठून घेतला हे विचारणारा कुणी नसतो, हे त्याहून मोठे कारण.

जुना आकडा नव्या हद्दीला जोडण्याची चूक खानदेशात विशेष होते, कारण इथल्या हद्दी वारंवार बदलल्या. अखंड खानदेश १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पूर्वेचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे. त्या धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे १९९१ च्या जनगणनेतला ‘धुळे जिल्हा’ हा आजचे दोन जिल्हे मिळून होता. २०११ मध्ये धुळ्याची लोकसंख्या २० लाख ५० हजार ८६२ होती. तिची तुलना १९९१ शी केली तर धुळ्याची माणसे कमी झाली असे दिसेल, आणि कुणी उत्साही माणूस त्यावरून स्थलांतराचा सिद्धान्तही मांडेल. भूगोलाचेही तसेच. गिरणा धरण जळगाव जिल्ह्याला पाणी देते, पण ते आहे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. अजिंठ्याची लेणी पहूरकरांना घरच्यासारखी, वाघूर तिथूनच खाली येते, जळगाव हे जवळचे स्टेशन. पण लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. ‘आपल्या जिल्ह्यातील जागतिक वारसा’ असे जळगावच्या मंचावरून म्हटले की टाळ्या पडतात, आणि माहिती चुकलेली असते.

इतिहास आणि अवतरणे हा तर निसरडा भाग. फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९३६ चे, खेड्यात भरलेले पहिले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. एवढ्या तीन गोष्टी नीट सांगितल्या तरी पुरे, पण उत्साहाच्या भरात कधी सन सरकतो, कधी अध्यक्ष बदलतो. बहिणाबाईंच्या नावावर तर काय काय खपवले जाते! चांगली, ग्रामीण वळणाची ओळ दिसली की ती बहिणाबाईंची. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तक छोटे आहे, शोधायला अर्धा तास लागत नाही. पुस्तकात ओळ सापडली नाही तर ती भाषणातून काढायची. त्या बाईच्या शब्दांविषयी आदर असेल तर एवढे करायलाच हवे.

या बाबतीत खानदेशाला आपला गुरू बाहेर शोधायची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढल्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढल्यापासून त्यांनी एकच आग्रह धरला: मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या दिवशी लिहिलेले पत्र थोर. घटना आणि लेखन यांत किती काळ गेला, लिहिणारा तिथे होता की त्याने ऐकले, त्याचा हेतू काय, मग नोंद धरायची. गेल्या वर्षीचे भाषण ही बखर आहे आणि मंडळातली पावसाची नोंद हे त्या दिवशीचे पत्र आहे, एवढे ज्याला कळले त्याला या कामाचे निम्मे शिक्षण झाले. धुळ्याचेच दुसरे उदाहरण १९३२ चे. तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्यामुळे. बोललेले जसेच्या तसे टिपणारा माणूस जवळ असणे किती मोठी गोष्ट आहे हे त्यावरून कळावे. लिहून दिलेले भाषण एक असते, प्रत्यक्ष बोललेले दुसरे, आणि वर्तमानपत्राला गेलेली प्रेसनोट बहुधा पहिल्यावरून केलेली असते. विधिमंडळात प्रतिवेदक असतात, जिल्ह्यात नसतात.

तपासणीची शेवटची पायरी हातातल्या कागदाची. फेब्रुवारी २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आपले परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांचे भाषण वाचायला सुरुवात केली आणि राजदूत हरदीपसिंग पुरी यांनी लक्षात आणून देईपर्यंत काही मिनिटे गेली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी राजस्थानचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी विधानसभेत अर्थसंकल्प वाचताना जुन्या अर्थसंकल्पातला मजकूर वाचला, गदारोळ झाला, कामकाज थांबले. दोघेही मुरलेले नेते. कागद त्यांच्या हाती देणारी साखळी ढिली होती. पानावर तारीख, कार्यक्रमाचे नाव आणि मसुद्याचा क्रमांक एवढे छापले असते तरी हे टळले असते.

पण कागद बरोबर असून आणि तपासणारे हुशार असूनही घोर चूक होऊ शकते. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या २८ जानेवारी २००३ च्या भाषणात एक वाक्य होते: सद्दाम हुसेनने आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे ब्रिटिश सरकारला कळले आहे. हाच दावा ऑक्टोबर २००२ च्या सिनसिनाटीच्या भाषणातून सीआयएच्या सांगण्यावरून काढला होता. तीन महिन्यांनी तो परत आत आला, या वेळी ब्रिटिशांच्या नावावर. दुसऱ्याच्या तोंडी घातले की विधान आपले राहत नाही, या समजुतीवर. इराकशी युद्ध झाले. जुलै २००३ मध्ये सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी हे वाक्य भाषणात राहायला नको होते अशी जबाबदारी घेतली आणि मग राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार स्टीफन हॅडली यांनी कबूल केले की ऑक्टोबरचे इशारे आपल्यापर्यंत आले होते, ते लक्षात राहिले नाहीत. म्हणजे तपासणी झाली होती, बरोबर झाली होती, लेखी झाली होती. ती पुढल्या मसुद्याबरोबर गेली नाही. बुश यांचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या संयुक्त राष्ट्रांतल्या इराकविषयीच्या भाषणाआधी त्यांच्याच खात्यातल्या विश्लेषकांनी मसुद्यातल्या बऱ्याच दाव्यांवर हरकती घेतल्या, कित्येक दावे निघालेही, पण उरले ते पुरेसे होते.

म्हणून तपासणाऱ्याची हुशारी हा माझ्या लेखी दुय्यम मुद्दा आहे. त्याला ‘हे काढा’ म्हणायचा अधिकार आहे का आणि त्याची हरकत कागदावर टिकते का, हे पाहायचे. कंपन्यांनी हे कायद्याच्या धाकाने का होईना शिकून घेतले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे अध्यक्ष वार्षिक सभेत बोलतात त्याआधी कंपनी सचिव, वकील आणि वित्त विभाग त्या कागदावरून नजर फिरवतात, कारण चुकीच्या विधानाला सेबी जाब विचारते. बाजारात पसरलेल्या अफवेवर खुलासा करण्याचे बंधन जून २०२४ पासून पहिल्या शंभर आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांवर आले. भागधारकाला चुकीची माहिती मिळू नये म्हणून एवढी व्यवस्था असते. पहूरच्या मतदाराचा, केळीवाल्याचा, पीजेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा हक्क त्याहून कमी कसा?

आता भर पडली आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. ‘जामनेर तालुक्यावर दोन मिनिटांचे भाषण दे’ म्हटले की क्षणात गुळगुळीत मजकूर समोर येतो, आणि त्यात आकडेही असतात. ते कुठून आले हे त्या यंत्राला विचारून भागत नाही, ते स्रोतही रचून देऊ शकते. ऑस्ट्रेलियात ‘डेलॉइट’ने सरकारसाठी केलेल्या सुमारे ४ लाख ४० हजार डॉलरच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले आणि २०२५ मध्ये कंपनीला पैशाचा काही भाग परत द्यावा लागला. तिथे निदान संदर्भ छापलेले होते म्हणून कुणी तरी ते उघडून पाहिले. भाषणाला संदर्भच नसतात.

यावर मार्ग आहे आणि तो खर्चिक नाही. प्रत्येक भाषणाच्या दोन प्रती कराव्यात. एक वाचायची, दुसरी आधाराची. आधाराच्या प्रतीत प्रत्येक आकड्यासमोर समासात लिहायचे: कुणाची नोंद, कोणती हद्द, कोणती तारीख, नजरअंदाज की अंतिम, आणि कुणाला फोन करून खात्री केली. कुणी हरकत घेतली असेल तर ती खोडायची नाही, पुढल्या मसुद्यालाही ती जोडलेली राहील. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन या तीन शासकीय भाषणांपासून सुरुवात करता येईल, कारण त्यांच्या तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात आणि ‘वेळ नव्हता’ म्हणायला जागा नसते. माणसेही आहेत. २०१५ पासून मुख्यमंत्री फेलोशिपमधून तरुण मुले शासनात काम करून गेली, दिल्लीत ‘पीआरएस’ ही संस्था २००५ पासून खासदारांसाठी विधेयकांचा अभ्यास करून देते आणि तिच्या फेलोशिपमधून खासदारांना संशोधनाला साहाय्यक मिळतात. आमदाराला मतदारसंघाच्या पातळीवर असे कुणी मिळत नाही. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तिथे अर्थशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी आहेत. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात त्यांतले दोघे-तिघे दर वर्षी बसवले, समालोचनाच्या तक्त्यांवरून तालुकावार माहितीपत्रे करून घेतली आणि दर तिमाहीला ती अद्ययावत ठेवली, तर टिपण करणाऱ्याला गेल्या वर्षीचे भाषण उघडावे लागणार नाही. माहितीपत्रे संकेतस्थळावर टाकावीत, म्हणजे वार्ताहरालाही मंत्र्याच्या बरोबरीने तोच आकडा मिळेल. आणि आधाराची प्रत भाषणानंतर आठवड्याच्या आत जिल्हा माहिती कार्यालयात कुणालाही पाहायला मिळावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरते.